भुऱ्याची राखण

"आत्या, कोकरू लावा," रोहिणी म्हणाली.

ती पलंगावर ऋतिकाच्या पाठीमागं गुडघे रोवून बसली होती आणि ऋतिकाचे दोन्ही हात तिनं मागं ओढून धरले होते. ऋतिका माझी नातसून. बाळंत होऊन तिला त्या दिवशी बावीस दिवस झाले होते. रोहिणी माझी सून, आणि पायथ्याशी ऋतिकाचे पाय धरून बसलेला सोमनाथ हा रोहिणीचा मुलगा, ऋतिकाचा नवरा. त्यानं तोंड भिंतीकडं केलं होतं. बाळ माझ्या हातात होतं, मुलगी, रडून रडून तिचा आवाज घोगरा झाला होता. सकाळची वेळ. खिडकीतून आलेलं ऊन चादरीवर पडलं होतं, बाहेर मोटर चालू होती आणि पाटात पाणी पडत होतं. रोहिणी चेष्टा करत नव्हती. मेंढरं विकून आम्हाला वीस वर्षं झाली, अवसरीच्या या शेतात स्लॅबचं घर झालं, घरामागं ऊस झाला, दारात गाडी आली. पण मेंढी व्याली आणि कोकराला घेईना तर काय करायचं, हे आमचे हात विसरले नाहीत. एकानं मान धरायची, एकानं मागचा पाय उचलून धरायचा, तिसऱ्यानं कोकरू आचळाला लावायचं. दिवसातून चार वेळा, तीन दिवस. मेंढी शेवटी उभी राहते. माया आली म्हणून उभी राहते की धडपडून दमली म्हणून, हे कोणी मेंढीला विचारलेलं नाही.

माझे हात आपसूक पुढं गेले. बोटांनी गाऊनची बटणं काढली. ऋतिकाची छाती दगडासारखी घट्ट झाली होती आणि तापली होती, दूध आत साकळलं होतं. मी बाळाचं तोंड तिथं दाबलं. ऋतिका ओरडली नाही. तिनं फक्त मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मान पिरगाळून धरलेल्या मेंढीचा डोळा असा होतो, पांढरं वाढत जातं आणि काळं एका कडेला सरकतं. तो डोळा मी हजारदा पाहिला आहे. एकदा मी तो आतूनही पाहिला आहे. मग तिनं सगळं अंग ताणलं, सोमनाथच्या हातातून एक पाय सुटला आणि तिची टाच माझ्या बरगडीवर बसली. मी बाळासकट मागं फरशीवर आदळले. बाळ माझ्या पोटावर राहिलं, त्याला काही झालं नाही. ऋतिकानं पोटावरचे टाके दोन्ही हातांनी दाबून धरले आणि ती भिंतीकडं वळली. तिच्या मनगटांवर रोहिणीच्या नखांच्या चंद्रकोरी उठल्या होत्या.

"न्हाई घेत अजून," रोहिणी धापा टाकत म्हणाली. "दुपारी परत लावू. तिसऱ्या दिशी घेती बगा, तुमी घेतली तशी."

तुमी घेतली तशी. मी बाळाला घेऊन ओट्यावर आले, वाटी-चमच्यानं तिला डब्यातलं दूध पाजलं, शेजारच्या झोळीत निजवलं आणि तिथंच उन्हात बसले. बरगडी ठणकत होती, श्वास घेतला की आत काहीतरी टोचत होतं. रोहिणीनं ही गोष्ट कुठून काढली? माझ्याकडूनच. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा मीच तिला हसत हसत सांगितली होती. पहिली मुलगी झाली तेव्हा मी तिला जवळ घेईना, तर सासू अंबाबाईनं मला खुंट्याला बांधलं, पोर छातीला लावलं, आणि तिसऱ्या दिवशी मी घेतली. ऐकणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पुढचं सगळ्यांनाच ठाऊक होतं, ते सांगताना कोणी हसत नसे: अकराव्या दिवशी त्या पोरीला शिनोलीजवळ वाघानं नेलं, कारण भुऱ्या कुत्रा राखण सोडून झोपला. आमच्या घरात ती म्हणच झाली आहे. मोटर बंद करायला कोणी विसरलं, चुलीवर दूध उतू गेलं की, "भुऱ्यावानी झोपलास का?" सोमनाथ शाळेत नापास झाला तेव्हा त्याचा बाप दादाभाऊ, माझा मुलगा, त्याला हेच म्हणाला होता. पन्नास वर्षं मी ते ऐकते आहे.

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. रोहिणी. तिला अठ्ठेचाळीस संपत आलं आहे. वर्षभर तिची पाळी धड येत नाही आणि धड जातही नाही. दोन महिने पत्ता नसतो, मग पंधरा दिवस कपडे बदलून ती पांढरी पडते. मध्येच मानेपासून पेटते आणि भर थंडीत नळाखाली डोकं धरते. गेल्या महिन्यात दादाभाऊनं काय भाजी आहे असं दोनदा विचारलं म्हणून तिनं त्याचा मोबाईल पाट्यावर ठेवला आणि वरवंट्यानं ठेचला. ठेचून झाल्यावर शांतपणे म्हणाली, "वांगं." दादाभाऊ तेव्हापासून जेवायला शेतात डबा नेतो. गावच्या आशाताई दोनदा घरी येऊन गेल्या. एकदा रोहिणीसाठी, एकदा ऋतिकासाठी. मंगळवारी मंचरच्या दवाखान्यात मनाच्या आजाराची डॉक्टरीण बसते, हिला झोप नाही, बाळाकडं बघत नाही, एकदा दाखवून आणा, असं त्यांनी सांगितलं. रोहिणीनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "ताई, आमच्यात येडं कोण न्हाई." ऋतिका राजुरीची, तिला आई नाही. म्हणून पहिलटकरणीला माहेरी न धाडता आम्हीच तिचं सगळं केलं. केलं म्हणजे काय, डिंकाचे लाडू केले, शेक-शेगडी केली, आणि चार रात्री ती पंख्याकडं बघत बसली होती ते बघितलं. एकदा मला म्हणाली, "आजी, हिचं तोंड हिचं नाहीये. कुणाचंतरी आहे." मी म्हणाले, "माज्या आईवर गेलंय." आणि हसले.

माझं बाळंतपण उघड्यावर झालं. मेंढरं घेऊन आमचा वाडा, म्हणजे मेंढपाळांची सगळी टोळी, दिवाळीनंतर कोकणात उतरायचा. घोड्यांवर बिऱ्हाड, पुढं मेंढरं, मागं बायका. घोडेगाव मागं टाकलं तेव्हा कळा सुरू झाल्या, शिनोलीच्या अलीकडं भात काढलेल्या एका खाचरात मी बाळंत झाले. मी एकोणीस वर्षांची होते. अंबाबाईनं विळ्यानं नाळ कापली, पोर पुसून माझ्या अंगावर ठेवलं, आणि मला काहीच वाटलं नाही. हे सांगायला सोपं आहे, पण तो आवाज मला अजून ऐकू येतो: सगळ्या अंगात काही न वाजण्याचा. मग दुसऱ्या दिवसापासून वाजायला लागलं. पोर रडलं की कोणीतरी माझ्या डोक्यात घणानं खुंटी ठोकतं आहे असं व्हायचं. मी कानात चिंध्या कोंबल्या. अंबाबाईनं त्या काढल्या आणि त्याच चिंध्यांनी माझ्या तोंडात मारलं. मग दाव्यानं माझे हात मागं खुंट्याला बांधले, मांडीवर स्वतः बसली आणि पोर लावलं. हिरडीला दात नसतात, पण चावल्यासारखं रक्त यायचं. मेंढी घेत नसेल तर शेवटचा उपाय म्हणून तिच्यासमोर कुत्रं आणतात. कुत्रं दिसलं की मेंढी पाय आपटते, कोकराच्या आडवी उभी राहते, आणि तिथून पुढं ते कोकरू तिचं होतं. अंबाबाई माझ्या नवऱ्याला म्हणाली, "राघू, तुजा भुऱ्या आन रं हिच्यापुढं, बगू घेती का." माणसं हसली. राघूही हसला. भुऱ्या खरंच आला, त्यानं पोराचे पाय हुंगले आणि तो माझ्याशेजारी बसला. त्या दिवसापासून तो मेंढरांमागं गेला नाही. पोरापाशीच राहिला. तिसऱ्या दिवशी मी धडपडायची थांबले. दोर सोडला. सगळे म्हणाले, घेतली.

मी अडतीस कोकरं तशी घ्यायला लावली असतील पुढं. मी त्यात चांगली समजली जायचे. आणि एकच मारली. म्हणजे कोकरू नाही, मेंढी. मी शेहेचाळीस वर्षांची होते, पाळी थांबून सहा महिने झाले होते, पायांचे तळवे जळायचे, झोप नव्हती, आणि एक काळतोंडी मेंढी कोकराला ढुशा देत होती. ढुशी दिली की कोकरू दगडावर जाऊन पडायचं, उठायचं, परत तिच्याकडंच यायचं. मी तिला धरली, बांधली, लावलं. तिनं बांधलेल्या स्थितीत मान फिरवून परत ढुशी दिली. मग मी काठी घेतली. पहिले चार फटके मला आठवतात. नंतर राघूनं मला मागून मिठी घातली तेव्हा काठीचं टोक फुटलं होतं आणि मेंढीच्या तोंडाच्या जागी काही उरलं नव्हतं. मला बाहेरची बाधा झाली असं ठरलं. भगतानं कोंडून मिरच्यांची धुरी दिली आणि निंबाच्या ओल्या फोकानं पाठ सोलली. तो विचारत होता, "कोण हाईस, बोल." मी बोलले नाही. बोलले असते तर त्याच दिवशी सगळं संपलं असतं. कारण मी कोण आहे ते मला माहीत होतं.

ऊन डोक्यावर आलं होतं. मी डोळे मिटले असतील, कारण उघडले तेव्हा शेजारची पाळण्याची झोळी रिकामी होती. मी उठले नाही. उठता आलं नाही. घराच्या मागं ऊस. त्या उसात आठ दिवसांपूर्वी बिबट्याची मादी दोन पिल्लांसह दिसली होती, वनखात्यानं कडेला पिंजरा लावला होता, त्यातली शेळी दिवसभर ओरडायची. आता ती ओरडत नव्हती. मी बसल्या जागी ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली आणि बांधाकडं बघत राहिले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग बांधावरून ऋतिका येताना दिसली. अनवाणी, पायाला घोट्यापर्यंत चिखल, गाऊनच्या कडेला उसाची वाळली पाती अडकलेली, गालावर पातीचा चिरा. बाळ टॉवेलात गुंडाळून तिनं अंगापासून लांब, दोन्ही हातांवर धरलं होतं, उकळत्या पाण्याचं पातेलं आणावं तसं. तिनं ते माझ्या मांडीवर ठेवलं.

"आजी, हिला धरा," ती म्हणाली. "माझ्याकडं देऊ नका. मी मागितली तरी."

आणि ती आत जाऊन पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली. चिखल तसाच.

रोहिणीनं स्वयंपाकघरातून हाक मारली. "आत्या, आणा तिला. सोम्या जेवला की उरकून घेऊ."

मी बाळाला घेऊन आत गेले. सोमनाथ ताटावर बसला होता. रोहिणी ओले हात पदराला पुसत पुढं आली.

"न्हाई लावायचं," मी म्हणाले.

"का वो? छाती दगूड झालीया तिची. आयतं दूध नासतंय."

"पिळून काढू. वाटीनं पाजू. धरायचं न्हाई तिला."

"आता तुमाला पुळका आला व्हय. तुमाला न्हवतं धरलं? बांधलं व्हतं की. तुमीच सांगता. मग, घेतली का न्हाई?"

"घेतली," मी म्हणाले. "आन् वाघापुढं ठिवली."

सोमनाथचा घास हातात राहिला. रोहिणी हसणार होती, तिचं तोंड तसं झालंही होतं.

"वाघानं नेली ती," ती म्हणाली.

"नेली. ठिवल्यावर नेली."

मग मी सांगितलं. सोमनाथच्या ताटातल्या भाकरीकडं बघत सांगितलं, माणसांकडं बघून जमलं नसतं. दिवस मावळत होता, पुरुष मेंढरं आत घालत होते, मी पोरीचे कपडे धुवायला म्हणून तिला पदराखाली घेऊन ओढ्यावर गेले. ओढ्यापलीकडं करवंदीच्या जाळ्या होत्या, आदल्या दिवशी तिथं वाघाची पावलं राघूनंच दाखवली होती, बायकांनो तिकडं जाऊ नका म्हणून. मी घोंगडीचा तुकडा अंथरला आणि तिला ठेवलं. भुऱ्या मागोमाग आला होता. मी निघाले, तो निघाला नाही. पोरीशेजारी बसून राहिला. मी हाक मारली, त्यानं शेपूट हलवली आणि जागा सोडली नाही. मी दगड मारला. दुसरा मारला. तिसरा त्याच्या मागच्या पायावर बसला, तेव्हा तो कळवळून उठला आणि लंगडत माझ्यामागं आला, दर चार पावलांवर मागं वळून बघत. वाड्यावर येऊन मी पडले, तो माझ्या पायाशी पडला. अंधार पडायच्या आधी मीच विचारलं, पोरगी कुठंय, हितं तर निजवली व्हती. राघूला घोंगडीचा तुकडा सापडला. बाकी थोडं सापडलं. परत आल्यावर त्याला कुत्रं दिसलं, लंगडत उभं राहिलेलं. राखणीला झोपलं, मग वाघाला भिऊन पळालं, असं त्यानं धरलं आणि काठी घेतली. भुऱ्या पळाला नाही. मालक मारतोय म्हणून शेपूट हलवत राहिला, डोकं फुटेपर्यंत. मी उभी होते. तोंड उघडायला मला एक पाऊलभर जागा होती. मी ते उघडलं नाही.

"म्हंजे भुऱ्या झोपला न्हवता," रोहिणी म्हणाली.

"न्हवता."

तिच्या मानेवर लाल चट्टे चढायला लागले होते. त्या जागी पुढच्या वर्षी पुरुषांनी धोंडा बसवला, शेंदूर लावला, वाघोबा म्हणून दर दिवाळीला तिथं नारळ आणि कोंबडं जातं. रोहिणीच्या पोटातली दोन मुलं सोमनाथच्या आधी गेली. तेव्हा ठरलं, की माझी मुलगी अतृप्त आहे, ती या घरात मूल जगू देत नाही. दोन्ही वेळा रोहिणी अजून रक्त जात असताना घोडेगावपासून शिनोलीपर्यंत अनवाणी चालत गेली आणि त्या धोंड्यापुढं नाक घासून तिनं माझ्या मुलीची माफी मागितली.

"म्या नाक घासलं," ती म्हणाली. "तुमी शेजारी उभ्या व्हत्या. नारळ तुमी फोडला."

"व्हय."

तिनं मला मारलं. उजव्या हाताची पुरी थप्पड, डाव्या गालावर. माझी मान दाराच्या चौकटीला लागली. बाळ माझ्या हातात दचकलं आणि रडायचं थांबलं. आमच्यात सासवांनी सुनांना मारलेलं मी खूप पाहिलं आहे, खाल्लंही आहे, हे उलटं कधी पाहिलं नव्हतं. सोमनाथ उठला आणि "आई, अगं" एवढंच म्हणून उभा राहिला. रोहिणीनं आपल्या हाताकडं पाहिलं. मग ती फरशीवर बसली, शेजारचा पाण्याचा तांब्या उचलून तिनं आपल्याच डोक्यावर ओतला, आणि पाणी हनुवटीवरून गळत असताना म्हणाली, "सोम्या, आज मंगळवार ना? गाडी काढ."

"कुठं?"

"मंचरला. आशाताई म्हणत्यात तिथं. आन् मागं आत्या बसतील, मदी ऋतिका, कडंला मी. पोरगी आत्यांकडं राहू दे. दरवाजा लॉक कर."

मंचर पंधरा-वीस मिनिटांवर. ऋतिकाच्या पायांवरचा चिखल वाळून पोपडे पडत होते. रोहिणीनं तिचा हात धरला होता, पण मनगट नाही, बोटं. माझा गाल तापला होता आणि त्याखालचा एक दात हलत होता. मी जीभ लावून बघत होते, दात हलतो का, आणि हलला की बरं वाटत होतं.

डॉक्टरीण वयानं ऋतिकाएवढीच दिसत होती. तिनं सोमनाथला बाहेर बसायला सांगितलं. झोपेचं विचारलं, खाण्याचं विचारलं, ऋतिकाच्या मनगटांवरच्या खुणा पाहिल्या, माझा गाल पाहिला, रोहिणीचे ओले केस पाहिले. मग तिनं आवाज न बदलता विचारलं, "स्वतःला किंवा बाळाला काही करावं, असं मनात येतं का?"

ऋतिका भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती.

"येतं," मी म्हणाले.

"आजी, त्यांना सांगू द्या."

"तिचं न्हाई सांगत. माजं सांगती."

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. रोहिणी माझ्या पाठीमागून म्हणाली, "मलाबी येतं. लिवून घ्या. मला कुणालाबी मारावंसं वाटतं. आज मारलंबी."

मग ऋतिका बोलली. चार रात्रींच्या न झोपलेल्या, कोरड्या आवाजात, शाळेत पाठ म्हणावा तसं. "आज मी तिला उसात नेलं होतं. खाली ठेवलं. परत निघाले. दहा पावलं मोजली. आत काहीतरी हललं, उंदीर असेल. मग मी मागं गेले. आणलं परत तिला. पण उद्याचं सांगता येत नाही."

मी माझी पावलं मोजली नव्हती. कुत्र्यानं मोजली असतील, दर चार पावलांवर वळून. हिच्यामागं कुत्रं नव्हतं, दगड मारायला कोणी नव्हतं, आणि तरी ही अकरावं पाऊल उलटं टाकू शकली. सगळ्या अंगाला मार लागल्यासारखं झालं मला. एवढंच होतं ते. उलटं एक पाऊल.

डॉक्टरणीनं सांगितलं, हा आजार आहे, बरा होतो, औषध आजपासून सुरू करायचं. दुधाचं नंतर बघू, जबरदस्ती एकदाही करायची नाही. आठ दिवस हिला आणि बाळाला दोघींनाच एकटं ठेवायचं नाही, बाळाला वेगळं आणि हिलाही वेगळं माणूस हवं, आणि जमत नसेल तर हिला पुण्यात भरती करायची चिठ्ठी देते. तुमच्या दोघींचे केसपेपरही काढून घ्या, जाण्याआधी. मग तिनं विचारलं, "घरी राखायला कोण आहे?"

"मी," मी म्हणाले.

रोहिणीनं माझ्याकडं बघितलं. कोणीतरी असं बघावं याची मी पन्नास वर्षं वाट बघितली होती, तसं बघितलं, डोळा न हलवता. मला वाटलं ती नाही म्हणेल. म्हणाली असती तर मी बाळ तिच्या हातात दिलं असतं आणि बाहेर जाऊन बसले असते.

"ह्या राखतील," रोहिणी डॉक्टरणीला म्हणाली. "ह्येंना मी राखंन."

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ऋतिकानं गोळी घेतली आणि ती भिंतीकडं तोंड करून पडली. बाळाची झोळी आत आणून बांधली, आणि मी झोळी आणि पलंग यांच्या मधे फरशीवर बसले, पाठ टेकली नाही. रोहिणीनं दारात पाट टाकला आणि कोपऱ्यातली काठी आणून मांडीवर आडवी ठेवली. उसाकडून पिंजऱ्यातली शेळी ओरडायला लागली. झोळी हलली, बाळ उठत होतं. मी उठायला हात टेकला, आणि दारातली काठी दोन बोटं वर आली. मी थांबले. रोहिणीनं माझ्या हातांकडं पाहिलं, मग मान हलवली. तेव्हा मी उठले.